एकच मठ, पण निवांत

सारसोळ्यात सुमित्राबाईंना सावकाश चालताना कुणी पाहिलं नव्हतं. दिवाळे गावातून लग्न होऊन त्या इथे आल्या, तेव्हा गावाच्या एका अंगाला खाडी होती आणि बाकी सगळीकडे भाताची शेतं. नवरा, धर्मराज, होडी घेऊन खाडीत जायचा. तो परतला की बोय, कोलंबी, चिंबोऱ्या, जे काही मिळालं असेल ते पाटीत भरून सुमित्राबाई निघायच्या. मासळी कुणासाठी ताजी राहत नाही, म्हणून त्याही कुणासाठी थांबायच्या नाहीत. पुढे शेतं गेली, तिथे नेरुळचे सेक्टर उभे राहिले, तशा त्या सोसायट्यांच्या दारोदार फिरू लागल्या. कालांतराने मार्केटात त्यांना बसायला ओटा मिळाला. बसायला असं आपलं म्हणायचं. हातात कोयता, समोर गिऱ्हाइकांचा गराडा आणि डोक्यात घरची कामं. त्या ओट्यावर त्या धड टेकल्या असतील, असं त्यांना स्वतःलाही आठवत नाही.

गेलेल्या शेतांच्या मोबदल्यात, साडेबारा टक्के योजनेत मिळालेल्या प्लॉटवर मुलाने, मिथुनने, चार मजली इमारत बांधली. तळमजल्यावर घरची माणसं, वरती भाडेकरू. मग सुमित्राबाईंचा उजवा गुडघा कुरकुरू लागला. डॉक्टरांनी ओल्या फरशीवर उभं राहायला मनाई केली आणि मार्केटचा ओटा धाकट्या जावेकडे गेला. गावाला वाटलं, आता तरी सुमित्रा घरी बसेल. पण फरक पडला तो एवढाच, की आधी बाहेर पळायच्या, त्या आता घरातल्या घरात पळू लागल्या.

अशात जागृतीने बोटीची गोष्ट काढली. जागृती म्हणजे मिथुनची बायको, बोनकोड्याची मुलगी, बेलापूरला एका कंपनीत नोकरीला. ऑफिसची सहल असो की भावकीतली हळद, ठरवाठरवीचं काम तिच्याकडे, आणि ते तिला मनापासून आवडायचं. गणपती उरकले की ग्रीसला विमानाने जायचं, तिथून आठवडाभर मोठ्या बोटीतून बेटं आणि बंदरं बघत फिरायचं, असा तिचा बेत होता. नवरा-बायको आणि सासू-सासरे. जागृती-मिथुनचा शाळकरी मुलगा सहामाहीच्या अभ्यासासाठी त्याच्या मामाकडे राहील.

"जनम होडीन गेला, आता सुट्टी पन होडीनच?" धर्मराज म्हणाला.

"बाबा, ह्या बोटीत स्विमिंग पूल आहे," मिथुन म्हणाला.

"पान्यान पानी कशाला?"

जागृतीने विषय बदलून टीव्हीवर बंदरांचे फोटो लावले. पांढरी घरं, निळे घुमट, त्यांच्यामागे समुद्र. सुमित्राबाई खाली बसून लसूण सोलत होत्या. त्या अधूनमधून वर बघायच्या, "चांगला हाय," म्हणायच्या आणि पुन्हा खाली मान घालायच्या. मग एक फोटो आला. जमिनीतून उभे वर गेलेले राखाडी खडक आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एखादी इमारत, लाल कौलांची. व्होलोस नावाच्या बंदरात बोट दिवसभर थांबणार होती आणि तिथून गाडीने दोनेक तासांवर हे ठिकाण होतं. मेतेओरा. जुने ख्रिस्ती साधू तिथे राहत असत, अजूनही काही राहतात, असं जागृतीने वाचून दाखवलं आणि पुढचं चित्र लावलं. ते हाताने काढलेलं, जुनं. कड्याच्या वर एक खोली, तिच्यातून खाली सोडलेला दोर आणि दोराच्या टोकाला जाळं. जाळ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला एक माणूस.

लसूण सोलायचा थांबला. "थांब. ह्या काय हाय?"

"आई, तिथे आधी पायऱ्याच नव्हत्या. वर जायचं तर जाळ्यात बसायचं आणि वरच्यांनी दोराने ओढून घ्यायचं."

"मानसां जाल्यान?"

"माणसं, सामान, सगळंच."

धर्मराज खुर्ची ओढून टीव्हीजवळ सरकला. होडी आता भाचा नेत असे, पण घरच्या जाळ्यांची डागडुजी अजून धर्मराजच करायचा. त्याने चित्राकडे नीट बघितलं. "आनि दोर बदलायचे कवा?"

जागृतीने वाचलं. "तुटला की बदलायचे, असं सांगतात म्हणे."

धर्मराजने चित्रातल्या दोरावर बोट ठेवलं. "मानूस आत असताना?"

"तसं लिहिलं नाहीये, बाबा."

"मना ह्या बगाचा हाय," सुमित्राबाई म्हणाल्या.

तिघंही त्यांच्याकडे बघू लागले. सुमित्राबाईंच्या तोंडून 'मला हवं' असं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. साडी घ्यायची झाली तरी त्या "तुमाला आवडल ती घ्या" म्हणायच्या. बोलून गेल्यावर त्यांनाच अवघडल्यासारखं झालं आणि त्या लसणाची सालं गोळा करून आत गेल्या. पण त्या रात्रीपासून बोटीचा बेत नक्की झाला.

जागृतीने कंबर कसली. तिला कळलं की बोटीची स्वतःची बस मेतेओराला जाते, पण ती दोनच मठ दाखवते. त्यातला एक साध्वींचा, तिथे पूल ओलांडला की झालं, पायऱ्या जवळजवळ नाहीतच. जाळं आणि ते ओढायचं लाकडी चक्र जपून ठेवलेला वारलाम नावाचा मठ मात्र बसच्या वाटेवर नव्हता, कारण त्याला बऱ्याच पायऱ्या होत्या. वारलामला जायचं तर आपली गाडी करायला हवी. आणि त्यात एक ग्यानबाची मेख होती. बोटीच्या बसला उशीर झाला तर बोट थांबते. तुमच्या गाडीला उशीर झाला तर बोट निघून जाते.

हे ऐकल्यापासून धर्मराजच्या डोक्यात एकच घोळू लागलं.

"बोट सुटली तर?" तो चहा पिताना विचारायचा. जेवताना विचारायचा. जेट्टीवर जाळं शिवत बसलेला असताना मिथुन मोटरसायकलवरून गेला, तर त्याला थांबवून विचारायचा.

"बाबा, आपण वेळेच्या खूप आधी परत येऊ."

"तिथं भरती कवा असते?"

"तिकडे भरती-ओहोटी फार नसतेच. जागृतीने बघितलंय."

"असा कसा दर्या," धर्मराज म्हणाला आणि सुई जाळ्यात घातली. समुद्र असून पाणी चढत-उतरत नाही, ही गोष्ट त्याला बोट सुटण्यापेक्षा जास्त संशयाची वाटली.

"आई, त्यापेक्षा बसनेच जाऊ," शेवटी मिथुन म्हणाला. "तुझा गुडघा, बाबांचं टेन्शन. दोन मठ तर दिसतातच."

"जाला दिसनार नाय तं जावाचा कशाला?" सुमित्राबाई म्हणाल्या, आणि बसचा विषय संपला.

जागृतीने इंटरनेटवर शोधून व्होलोसचा एक ड्रायव्हर गाठला. त्याचं नाव थनासिस. एका रविवारी सकाळी सगळे हॉलमध्ये जमले आणि त्याला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर जाड मिशांचा, गोल चेहऱ्याचा माणूस आला. तो त्याच्या गाडीतच बसलेला होता. जागृतीने इंग्रजीत सुरुवात केली. तिने दिवसाचा सगळा बेत आधीच आखून ठेवला होता: तीन मठ, एक उंचावरची जागा फोटोंसाठी, डोंगराच्या पोटातली गुहा, गावात जेवण आणि येताना देवांची चित्रं रंगवतात तो कारखाना. थनासिस प्रत्येक गोष्टीला मान हलवत होता.

"त्याला काय सांगतंस?" सुमित्राबाईंनी विचारलं.

जागृतीने सगळं मराठीत सांगितलं.

"तीन नको. एकच. जाल्याचा."

"आई, इतक्या लांब जातोय तर तीन होतील की. तो म्हणतो आरामात होतात."

"मना एकच बगाचा हाय. पन तिथं बसाचा हाय."

"बसायचं म्हणजे?"

"बसाचा म्हंजे बसाचा. चला चला कुनी बोलाचा नाय."

जागृतीने थनासिसला ते सांगितलं. त्याने भुवया उंचावल्या, कॅमेऱ्याजवळ येऊन सुमित्राबाईंकडे पाहिलं आणि काहीतरी बोलला. जागृतीचा चेहरा किंचित पडला.

"काय बोलला?"

"म्हणाला, बाई बरोबर बोलतायत."

कॉल संपला. जागृती उठून स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जरा जास्तच आवाज करत लावू लागली. ती कितीतरी दिवस ऑफिसमधून आल्यावर ह्यासाठी बसली होती. सुमित्राबाईंना ते कळत होतं. पण बोललेला शब्द मागे घ्यावा, असं काही त्यांना वाटेना आणि त्याचंच त्यांना नवल वाटत होतं.

संध्याकाळी त्या जेट्टीवर जाऊन कठड्यावर बसल्या. ओहोटीने खाडी लांब गेली होती, चिखलावर निवट्या मासे उड्या मारत होते. कामावरून परतलेल्या दोन होड्या कलत्या पडल्या होत्या. थोड्या वेळाने मागून जागृती आली आणि कठड्याला टेकून उभी राहिली.

"आई, राग आलाय का तुमाला?"

"मना? तूच भांडी आपटीत होतीस."

जागृती हसली. "मी एवढं बघून ठेवलं होतं ना. तुमाला सगळं दाखवायचं होतं."

सुमित्राबाईंनी खाडीकडे बघत विषय काढला. "आपन वर्साला कार्ल्याला एकवीरेला जातो. तू बगतंस ना, मी काय करतंय तिथं?"

जागृतीने आठवून पाहिलं. सासू तिथे काय करते? पायथ्याशी चूल मांडते. मटणाला फोडणी देते. पोरं मोजते. वर चढताना कुणाची तरी पिशवी हातात असते, कुणाचं तरी मूल काखेत. देवळात गेल्यावर ओटीचं ताट पुढच्या माणसाच्या हातात देते आणि मागे वळून कोण राहिलं ते बघते.

"देवीसमोर मी कवा निवांत उबी राह्यली नाय," सुमित्राबाई म्हणाल्या. "पुजारी बोलतो, चला पुढं. मी पन चला पुढं बोलून पोरांना ढकलतंय. तक्रार नाय माजी. मना ता आवडतं. गोतावला असला की बरा वाटतं. पन बगता बगता इतकी वर्सा झाली. एकदा कुठंतरी डोंगरावर नुसता बसाचा. कुनाला वाढाचा नाय, कुनाला मोजाचा नाय."

त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्याआधी ते त्यांना स्वतःलाच असं स्पष्ट माहीत नव्हतं. जागृती सासूच्या शेजारी कठड्यावर बसली आणि अंधार पडेपर्यंत दोघी निवट्यांकडे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी तिने थनासिसला कळवलं: एकच मठ, बाकी वेळ रिकामा. असा रिकामा वेळ तिच्या कुठल्याही बेतात आजवर नव्हता. तो ठेवून बघायला तिलाही जरा गंमत वाटली.

आता प्रश्न पायऱ्यांचा. डॉक्टर म्हणाले, "हळूहळू सवय केलीत तर जमेल." डोंगर काही सारसोळ्यात नाही, पण चार मजले घरचेच होते. सुमित्राबाईंनी सकाळी चहा झाल्यावर लिफ्ट सोडून जिन्याने वर जायला सुरुवात केली. आधी एक मजला, मग दोन. आपल्याच इमारतीत त्या वर्षानुवर्षं चढल्या नव्हत्या. भाडेकरूंना बिचाऱ्यांना वाटलं, मालकीणबाई काहीतरी तपासायला येतायत. दुसऱ्या मजल्यावरच्या एका कुटुंबाने तर घाईघाईने पॅसेजमधली सायकल आत घेतली.

तिसऱ्या मजल्यावर वैजयंती नावाच्या बाई राहत. मूळच्या सांगलीकडच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, नवरा बँकेत. त्यांनी दार उघडून विचारलं, "काही काम होतं का, सुमित्राताई?"

"काम नाय. सराव करतंय."

"कसला?"

मग दारात उभ्या उभ्याच सगळी हकीगत झाली. वैजयंतीबाईंनी आत बोलावलं, चहा टाकला. दुसऱ्या दिवशी त्या चहा टाकूनच वाट बघत होत्या. आठवडाभरात सगळ्या इमारतीला ठाऊक झालं की मालकीणबाई परदेशातला डोंगर चढायला तयारी करतायत. लोक जिन्यात भेटले की विचारायचे, "आज कितव्यापर्यंत?" आणि मग हळूच सांगायचे की पाण्याचा दाब वर पोचत नाही, की गच्चीच्या दाराची कडी मोडली आहे. सुमित्राबाई खाली येऊन मिथुनला फैलावर घ्यायच्या. गच्चीची कडी बसली, पंप दुरुस्त झाला. मिथुन जागृतीला म्हणाला, "आईचा गुडघा सुधारतोय, पण माझी कंबर मोडतेय."

"तुमी पन चला की," सुमित्राबाई नवऱ्याला म्हणायच्या.

"मना कशाला? मी चिखलातून होडी वढलेला मानूस," धर्मराज म्हणायचा आणि पाय पसरून पेपर वाचत राहायचा.

व्हिसाच्या ऑफिसात एक अडचण आली. बोटांचे ठसे घ्यायचं यंत्र सुमित्राबाईंचे ठसे घेईना. कोलंबी सोलून, खवलं काढून बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. काउंटरवरची मुलगी पुन्हा पुन्हा सांगत होती, "आँटी, जरा जोरात दाबा." शेवटी तिने ओल्या फडक्याने बोटं पुसली, एकेक बोट स्वतः धरून ठेवलं आणि बऱ्याच खटपटीनंतर यंत्राने होकार दिला. "काय काम करता?" तिने विचारलं. "मासली इकायची," सुमित्राबाई म्हणाल्या. मुलगी म्हणाली, माझी आजीपण विकायची, उरणला. मग दोघींचं असं काही बोलणं रंगलं की मागची रांग कुरकुरू लागली.

गणपती झाले, गौरी झाल्या आणि चौघं निघाले. बोट बघून धर्मराज पहिल्या दिवशी काहीच बोलला नाही. ती होडी नव्हतीच, पाण्यावर ठेवलेली सोसायटी होती. दोन दिवसांत त्याला इंजिनाकडे काम करणारा रत्नागिरीचा एक माणूस भेटला आणि तेव्हापासून तो खुशीत होता.

व्होलोसला सकाळी धक्क्यावर थनासिस उभाच होता. फोनवर दिसला त्याहून तो बुटका निघाला. त्याने सुमित्राबाईंना पुढची सीट दिली. शहर मागे पडलं आणि सपाट मैदान सुरू झालं. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. सुमित्राबाई खिडकीतून बघत राहिल्या. जागृती मागे बसून सवयीने सारखं घड्याळ बघत होती, मग तिने घड्याळ बाहीत लपवलं. पुढे मैदान संपलं आणि समोर ते खडक उभे राहिले. फोटोत ते इतके मोठे वाटले नव्हते. सुमित्राबाईंनी खिडकीची काच खाली केली.

वारलामच्या दारापाशी जीन्स घातलेल्या बायकांना कमरेला गुंडाळायला कापड देत होते. जागृतीलाही ते घ्यावं लागलं. सुमित्राबाईंच्या साडीकडे दारातल्या माणसाने पाहिलं आणि अदबीने आत जायची खूण केली. साडीखाली त्यांनी पांढरे कॅनव्हासचे बूट घातले होते.

पुढे दरीवरचा एक लहानसा पूल होता आणि त्यानंतर खडकात कोरलेल्या पायऱ्या. पुलाच्या मध्यावर धर्मराज थबकला. त्याने एकदा खाली पाहिलं आणि दोन्ही हातांनी कठडा धरला. चेहरा पांढरा पडला होता.

"बाबा, काय होतंय?" मिथुनने दंड धरला.

"काय नाय. जमीन हलतंय."

सगळा जन्म सपाटीवर गेलेला माणूस. त्याच्या खाली आजवर कायम पाणी होतं, ते हाताला लागण्याइतकं जवळ. कार्ल्याच्या पायऱ्यांवरही इतकी पोकळी त्याने कधी पायाखाली पाहिली नव्हती. मिथुनने त्याला सावकाश मागे आणलं आणि भिंतीच्या कडेला सावलीत बसवलं. थनासिस पाण्याची बाटली घेऊन धावत आला. डोळे मिटून दोन घोट घेतल्यावर धर्मराजचा रंग जरा परतला.

सुमित्राबाई त्याच्या शेजारी उकिडव्या बसल्या होत्या, पदराने वारा घालत. "आपन जाव परत. नाय बगला तरी चालल," त्या म्हणाल्या. हे त्यांच्या तोंडून विचार न करताच आलं. घरातलं कुणी आजारी पडलं की त्या थांबायच्या. दुसरं काही असू शकतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

धर्मराजने डोळे उघडले. "मी हितं बसतंय. मिथुन हाय, हा मिशीवाला हाय. तू जा."

"तुमाला असा टाकून?"

"मना काय झाला नाय. वर बगला तर बरा वाटतं, खाली बगला तर गरगरतं. म्हनून वर बगून बसतंय. जा तू." मग जरा थांबून तो म्हणाला, "जाला नीट बग. गाठ कशी हाय ती मना सांग."

त्या उठल्या. उठून दोन पावलं गेल्या, मागे वळून बघितलं. धर्मराजने हातानेच जा, जा केलं. मग मात्र त्या पूल ओलांडून गेल्या.

पायऱ्या वळणं घेत वर जात होत्या. जागृती मागे राहिली, पुढे झाली नाही. सुमित्राबाई दर वळणावर थांबत, श्वास घेत, आणि निघत. गुडघा बोलत होता, पण ओरडत नव्हता. वरून उतरणारे लोक वाट देत होते. शेवटच्या वळणानंतर एकदम मोकळं आवार लागलं, फरशीचं, कडेला फुलांच्या कुंड्या.

आधी त्या जाळ्याकडे गेल्या. कड्याच्या काठावरच्या एका खोलीत ते लाकडी चक्र होतं, आणि जाळं लोंबत होतं, जाड दोराचं, हाताएवढ्या भोकांचं. सुमित्राबाईंनी ते लांबूनच न्याहाळलं, कारण हात लावायला मनाई होती. आपल्याकडच्या जाळ्यात मासा अडकतो, ह्या जाळ्यात माणूस स्वतःहून जाऊन बसायचा. पहिल्यांदा बसताना त्याला काय वाटलं असेल? वरच्यांचे हात किती भरवशाचे असतील? त्यांनी गाठ बघून घेतली, मनात ठेवली. मठाच्या देवळात बारीक पिवळी मेणबत्ती मिळाली, ती लावून वाळूत खोचली आणि हात जोडले. भिंतीवर छतापर्यंत संतांची चित्रं होती, मोठ्या डोळ्यांची.

आवारात सावलीला एक बाक होतं. सुमित्राबाई त्यावर बसल्या.

"आई, मी आत चित्रं बघून येते," जागृती म्हणाली. "तुमी बसा. मी लवकर येणार नाही."

ती गेली. समोर कठडा, त्यापलीकडे खडक, खडकांपलीकडे दूर निळसर डोंगरांची रांग. खाली गावाची लाल कौलं. वारा कोरडा होता, त्याला मिठाचा वास नव्हता. थोडा वेळ सुमित्राबाईंचे हात मांडीवर काहीतरी शोधत राहिले. मग ते शांत पडले. त्यांच्या मनात काही मोठं आलं नाही. सासूचा चेहरा आला, तीही अशीच पळायची. पहिल्या पाटीचं वजन आठवलं. मग तेही गेलं आणि नुसता वारा राहिला. कुठून तरी एक करडी मांजर आली, त्यांच्या बुटांचा वास घेतला, साडीच्या काठाशी अंग घासलं आणि बाकावर चढून शेजारी मुटकुळं करून पडली. काळ्या झग्यातला एक म्हातारा साधू पाण्याची झारी घेऊन कुंड्यांना पाणी घालत होता. त्याने मांजरीकडे पाहिलं, सुमित्राबाईंकडे पाहिलं, मान किंचित लववली आणि पुढच्या कुंडीकडे गेला. कुणीही चला म्हणालं नाही.

जागृती आली तेव्हा तिने सासूला तसं बघितलं आणि ती पुन्हा मागे फिरली. खूप वेळाने सुमित्राबाई स्वतःच उठल्या.

खाली धर्मराज आणि थनासिस एकाच फोनमध्ये डोकं घालून बसलेले होते. थनासिसच्या वडिलांची मासेमारीची बोट होती आणि तो तिचे फोटो दाखवत होता. धर्मराज मराठीत बोलत होता, थनासिस ग्रीकमध्ये, मधे मिथुन बसून कॉफी पीत होता.

"झाला?" धर्मराजने विचारलं.

"झाला. चांगला झाला," सुमित्राबाई म्हणाल्या आणि गाठ कशी होती ते त्याला बोटांनी करून दाखवली. त्याने ती एकदा स्वतःच्या बोटांनी करून पाहिली आणि समाधानाने मान हलवली.

परतीला गाडीत त्या झोपल्या. जाग आली तेव्हा व्होलोस आलं होतं आणि वेळ भरपूर उरला होता. थनासिसने गाडी धक्क्यालगतच्या एका खानावळीपाशी थांबवली. रस्त्यावरच टेबलं मांडलेली, समोर मासेमारीच्या लहान होड्या बांधलेल्या. त्याने काहीतरी मागवलं. धर्मराज आणि मिथुनसमोर छोट्या पेल्यांत पांढरी दारू आली आणि सगळ्यांसमोर तळलेली बारीक मासळी, अख्खीच्या अख्खी.

सुमित्राबाईंनी एक उचलली, उलटीपालटी करून बघितली आणि तोंडात टाकली. "ताजी हाय," त्या म्हणाल्या. मग दुसरी घेतली. "मीठ जरा कमी हाय, पन ताजी हाय."

खानावळीची मालकीण बाहेर आली, साधारण त्यांच्याच वयाची, बाह्या वर केलेल्या, कमरेला पांढरा एप्रन. साडीकडे कौतुकाने बघत तिने थनासिसला काही विचारलं. थनासिसने जागृतीला सांगितलं, जागृतीने सासूला.

"आई, विचारतेय मासे कसे झालेत."

"सांग, बेस झालेत. आनि विचार, वरून लावलाय काय?"

प्रश्न इंग्रजीतून ग्रीकमध्ये गेला आणि उत्तर उलट फिरून आलं: गव्हाचं पीठ, दुसरं काही नाही.

"तांदलाचा पीठ लावाचा," सुमित्राबाई म्हणाल्या. "त्यात जरासा रवा. मग बग कसे कुरकुरीत होतात."

मालकिणीने हे सगळं नीट ऐकून घेतलं, रवा म्हणजे काय ते दोनदा विचारलं आणि आतून एक खुर्ची आणून त्यांच्या शेजारी मांडली आणि स्वतः टेकली.